‘सर्व्हर डाउन’ ह्या शेऱ्याविषयी : जिल्हाधिकाऱ्यांस एक खुले पत्र

मा. जिल्हाधिकारी,
अहिल्यानगर यांस

महोदय,



आपल्या कचेरीत रोज रुजू होणाऱ्या अर्जांच्या गठ्ठ्यात आणखी एकाची भर घालावी अशी माझी इच्छा नव्हती. परंतु जी गोष्ट मला आपल्या कानी घालावयाची आहे ती कोणा एका इसमाची अडचण नसून जिल्ह्याच्या चौदाही तालुक्यांतील माणसे ती निमूटपणे सोशीत आली आहेत, आणि तिची दाद कोणत्या खिडकीपाशी मागावी हेच कोणास उमगत नसल्यामुळे, बारनिशीत क्रमांक पडून स्वस्थ बसणाऱ्या अर्जाऐवजी चारचौघांनी वाचावे अशा पत्राचा मार्ग मी पत्करला आहे. विषय अवघ्या दोन शब्दांचा आहे. ते शब्द आहेत ‘सर्व्हर डाउन’.

गेल्या ज्येष्ठात, शाळा-महाविद्यालयांच्या प्रवेशाची घाई चालू असताना, एका तालुक्याच्या गावी दाखले काढून देणाऱ्या एका केंद्रात मी माझ्या कामासाठी बसलो होतो. माझ्यापुढे डोंगराकडच्या एका वस्तीवरून आलेली एक म्हातारी होती. नातवाच्या प्रवेशासाठी उत्पन्नाचा दाखला हवा म्हणून तिची ती तिसरी खेप. केंद्र चालविणारा मुलगा स्वभावाने वाईट नव्हता. संगणकाकडे एकदा पाहून तो सौम्यपणे म्हणाला, “आजी, सर्व्हर डाउन आहे. उद्या या.” आजी क्षणभर उभी राहिली आणि म्हणाली, “परवाबी ह्येच म्हनला व्हतास, बाळा. उद्या तरी उठंल का त्यो?” आसपासची मंडळी हसली, मला मात्र हसू आले नाही. बायकांना एस.टी.चे तिकीट निम्मे झाले आहे खरे, पण बुडणारा रोज पुराच बुडतो.

मी त्या मुलाची परवानगी घेऊन पडद्याच्या कोपऱ्यातील जोडणीची माहिती उघडून पाहिली. संगणकाचा पत्ता १६९.२५४ ह्या आकड्यांनी सुरू होत होता. ज्याने आयुष्याची छत्तीस वर्षे तारा, खांब आणि केबली ह्यांच्या सहवासात काढली त्यास हे आकडे पाहिल्यावर पुढचे शोधावे लागत नाही. मी मेजाखाली वाकलो. संगणकाच्या पाठीमागे जाणाऱ्या केबलच्या टोकावरचा प्लास्टिकचा खटका मोडला होता, आणि झाडूचा धक्का लागून ते टोक खाचेतून तसूभर बाहेर आले होते. ते दाबून बसविताच हिरवा दिवा लुकलुकू लागला, पत्ता बदलून १९२.१६८ ने सुरू होणारा झाला, आणि दहा मिनिटांत आजीचा अर्ज दाखल होऊन तिच्या हाती पोचपावती पडली. सर्व्हर, तो जेथे कोठे असेल तेथे, धडधाकट होता. दोष मेजापासून दीड हातावर होता, आणि त्या दीड हातासाठी एका वृद्धेने तीन दिवस घाट उतरला होता.

मी दूरसंचार खात्याचा निवृत्त कर्मचारी आहे. चाकरीस लागलो तेव्हा टपाल आणि तार हे एकच खाते होते. त्याची दोन खाती १९८५ साली झाली. त्या काळी टेलिफोन बंद पडला की गिऱ्हाईक १९८ क्रमांकावर तक्रार देई, आणि एक्सचेंजमधील टेस्ट डेस्कवरचा मनुष्य पहिले काम करी ते दोषाची वाटणी करण्याचे. मुख्य वितरण चौकटीवर, जिला आम्ही एम.डी.एफ. म्हणत असू, तो ती लाइन यंत्रापासून तोडून पाही. दोष आतला असला तर आतल्या माणसांचा, बाहेरचा असला तर लाइनमनचा. बाहेरचा असल्यास लाइन ‘अर्थ’ झाली आहे, ‘शॉर्ट’ आहे की ‘ओपन’, हे तो मापून डॉकेटवर लिही, आणि मगच सायकलवर टांग टाकून लाइनमन निघे. ‘फोन बंद आहे’ एवढेच डॉकेटवर लिहून पाठविणाऱ्यास साहेब उभे करून विचारीत की, हे तर गिऱ्हाइकानेच सांगितले होते, तुम्ही काय शोधले? तोच प्रश्न आज मी ‘सर्व्हर डाउन’ ह्या शेऱ्याला विचारू इच्छितो.

कारण, महोदय, संगणकाच्या पडद्यापासून सरकारी दप्तराच्या यंत्रापर्यंतची वाट एक अखंड दोर नसून अनेक कड्यांची साखळी आहे, आणि प्रत्येक कडी तुटण्याची रीत, चिन्ह आणि उपाय वेगळा आहे. आपल्या ह्या शहराला निजामशाहीत पाणी येई ते जमिनीखालच्या खापरी नळांनी. कापूरवाडीच्या नळाचे नाव जुन्या नगरकरांस अजून ठाऊक आहे. अशा नळांवर अंतराअंतराने तपासणीची तोंडे ठेवलेली असत, ती एवढ्यासाठीच की हौदात पाणी आले नाही म्हणजे सबंध नळ उकरावा लागू नये. मधल्या एका तोंडाशी पाणी दिसते की नाही एवढे पाहिले की दोष वरच्या अंगास आहे की खालच्या, हे कळे. हौद कोरडा पाहून ‘डोंगर आटला’ असे जाहीर करणारा नळवाला निजामशाहीत किती दिवस चाकरीवर टिकला असता ह्याची कल्पना आपण करू शकाल.

संगणकाच्या वाटेवरही अशी तोंडे आहेत, आणि ती पाहण्यास अभियंता लागत नाही. पहिले तोंड म्हणजे भिंतीवरच्या छोट्या पेटीचे दिवे. काचेच्या तंतूने येणारी जोडणी असेल तर त्या पेटीवर ‘एल.ओ.एस.’ नावाचा एक दिवा असतो. तो तांबडा झाला म्हणजे बाहेरून प्रकाश येणेच थांबले आहे, मग आत कोणीही काहीही दाबले तरी व्यर्थ. जाता जाता सांगतो, ह्या पेटीकडे खाली येणारा प्रकाश १४९० नॅनोमीटर तरंगलांबीचा असतो, आणि निजामशाही उभारणाऱ्या मलिक अहमदाने भिंगारजवळ बहामनी फौजेचा पराभव केला ते सालही १४९०. ह्या योगायोगाला काडीचाही अर्थ नाही. परंतु माझ्यासारख्या म्हाताऱ्याच्या स्मरणात तो आकडा पक्का बसला तो त्यामुळेच.

तांबडा दिवा नसेल तर दुसरे तोंड पाहावे, ते संगणकाच्या पत्त्याचे. जाळ्यातील प्रत्येक यंत्रास एक अंकी पत्ता लागतो, आणि तो बहुधा राउटर नावाची पेटी वाटते. आठवडे बाजारात ठेकेदाराचा माणूस प्रत्येक भाजीवालीला त्या दिवसापुरती जागा नेमून देतो तसा. ठेकेदाराच्या माणसाशी गाठच पडली नाही तर बाई कंटाळून स्वतःच कोठेतरी पथारी टाकते. संगणकही तसेच करतो, आणि त्याने स्वतः धरलेल्या त्या जागेचा पत्ता १६९.२५४ ने सुरू होतो. ते आकडे दिसले की राउटरपर्यंतची वाटच तुटली आहे, अथवा राउटर जागा वाटावयाचे विसरला आहे, असे समजून केबल, खटका, वायफाय आणि राउटर ह्यांच्या पलीकडे कोठेही जाऊ नये. क्वचित एकाच जागेवर दोघींनी पथारी टाकल्याप्रमाणे दोन यंत्रांना एकच पत्ता मिळतो आणि दोघांचेही काम अडखळते. केंद्रात कोणी हौसेने पत्ता हाताने घालून ठेवला असेल तर हा प्रकार घडतो.

तिसरी परीक्षा मला विशेष प्रिय आहे. डोंगराच्या एका सोंडेवरून दुसऱ्या सोंडेवर हाळी घालावयाची आणि पलीकडून ‘ओ’ येते का ते ऐकावयाचे, ही आपल्या गुराख्यांची रीत. माइक म्यूस नावाच्या एका अमेरिकन संशोधकाने डिसेंबर १९८३ मध्ये नेमके हेच करणारी एक छोटी आज्ञावली लिहिली आणि पाणबुडीच्या शोधयंत्रातील आवाजावरून तिला ‘पिंग’ असे नाव दिले. त्याला मराठी येत असते तर ‘हाळी’ हेच नाव सुचले असते अशी माझी खातरी आहे. पहिली हाळी स्वतःसच घालावी, म्हणजे १२७.०.०.१ ह्या पत्त्यास. ओ आली तर संगणकाची स्वतःची शुद्ध शाबूत आहे. दुसरी राउटरला, ओ आली तर घरातली वाट नीट आहे. तिसरी बाहेरच्या एखाद्या प्रसिद्ध अंकी पत्त्याला. ओ आली तर गावाबाहेरची वाटही उघडी आहे. किती वेळात ओ आली हेही ऐकण्यासारखे असते. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लक्ष किलोमीटर धावतो. त्या हिशेबाने नगरहून मुंबईस जाऊन परतावयास सेकंदाचे तीन सहस्रांश पुरेसे व्हावेत. वाट वळणावळणांची असते आणि मध्ये यंत्रेही थांबवितात हे धरून पंचवीस-तीस सहस्रांश लागले तर तक्रार नाही. परंतु आठशे-नऊशे लागत असतील तर तो अंतराचा दोष नसून गर्दीचा अथवा दुर्बल लहरींचा आहे. मात्र एक सावधगिरी बाळगावी लागते. पुष्कळ ठिकाणचे सर्व्हर सुरक्षिततेसाठी हाळीला मुद्दामच ओ देत नाहीत. सबब तेथून ओ आली नाही एवढ्यावरून ते मेले असा निष्कर्ष काढणे म्हणजे दार बंद दिसले म्हणून घरात सुतक धरण्यासारखे आहे.

अंकी पत्त्याला हाळी पोचते पण संकेतस्थळ नावाने उघडत नाही, असा एक प्रसंग वारंवार येतो आणि भल्याभल्यांना फसवितो. शेतकऱ्याच्या तोंडी आपले शेत म्हणजे ‘वडाचा तुकडा’ किंवा ‘ओढ्याकडची पट्टी’. महसूल दप्तर ओळखते ते केवळ गट क्रमांक. ह्या दोहोंचा मेळ घालणारा तलाठी रजेवर गेला तर शेत जागच्या जागी असूनही कागदावर सापडत नाही. संगणकांच्या जगात हे तलाठ्याचे काम करणारी व्यवस्था पॉल मोकापेट्रिस ह्यांनी १९८३ साली योजिली, आणि तिला डी.एन.एस. म्हणतात. तिच्यात बिघाड झाला म्हणजे पडद्यावर ‘नेम नॉट रिझॉल्व्ड’ अशा अर्थाचा मजकूर उमटतो. नावाचा पत्ता बदलला तरी जुना पत्ता काही काळ संगणकाच्या स्मरणात राहतो, हाही तिचा एक स्वभाव आहे. ते स्मरण पुसता येते, किंवा दुसरा तलाठी नेमता येतो, आणि दोन्ही कामे पाच मिनिटांची आहेत. जिल्ह्याचे नाव अधिकृतपणे बदलूनही आम्हा म्हाताऱ्यांच्या तोंडी नुसते ‘नगर’च येते, तेव्हा यंत्राच्या ह्या सवयीवर रागावण्याचा अधिकार आम्हांस नाही.

एक दोष मात्र असा की तो जाळ्याचा मुळीच नसतो आणि जाळ्याच्या माथी मारला जातो. संगणकाच्या पोटात रुपयाएवढी एक वाटोळी बॅटरी असते; यंत्र बंद असताना तीच घड्याळ चालू ठेवते. ती संपली, आणि आपल्याकडे वीज जावयास तर मुहूर्त लागत नाही, की पुन्हा चालू होताना संगणक स्वतःस कित्येक वर्षे मागे असल्याचे समजतो. सुरक्षित संकेतस्थळ आपली ओळख पटविण्यासाठी जे प्रमाणपत्र दाखविते त्यावर अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत अशी मुदत असते. भूतकाळात वावरणाऱ्या संगणकाला ते अजून अमलातच न आलेले दिसते आणि तो ‘जोडणी सुरक्षित नाही’ म्हणून हटून बसतो. एका गावी आठ दिवस ‘सर्व्हर डाउन’ होता तो ह्या कारणाने. मी तारीख सुधारून दिली आणि नवी बॅटरी बसविली. तिची किंमत विचारून तेथील मंडळींनी मान खाली घातली, म्हणून ती येथे लिहीत नाही.

सर्व्हर खरोखरीच कधी बंद नसतो असे माझे म्हणणे नाही. तो बंद असतो, आणि प्रवेशाच्या दिवसांत, पीक विम्याच्या शेवटच्या तारखेस, ई-पीक पाहणीच्या मुदतीअखेर तो गर्दीखाली गुदमरतोही. परंतु तेव्हा तो तसे स्वतः सांगतो, आणि सांगतो तेही आकड्यांत. पडद्यावर ४०४ आले तर कचेरी उघडी आहे, कारकून जागेवर आहे, मागितलेला कागद मात्र त्या फडताळात नाही. पत्ता चुकीचा लिहिला आहे का ते पाहावे. ५०३ आले तर कारकून सांगतो आहे की आज हातातले काम आवरत नाही, थोड्या वेळाने या. ५०४ आले तर दर्शनी खिडकीवरच्या कारकुनाने आतल्या दप्तराला विचारले आणि आतून वेळेत उत्तर आले नाही. ह्या तिन्ही प्रसंगी ध्यानात घ्यावयाचे ते हे की, बहुतेक वेळा हा तीन अंकी जबाब पलीकडच्या टोकाकडून आलेला असतो, म्हणजेच तेथपर्यंतची वाट शाबूत आहे आणि केबल हलवून, राउटर बंद-चालू करून, नेट देणाऱ्या कंपनीस शिव्या देऊन काही साधावयाचे नाही. उलट ‘टाइम्ड आउट’ म्हणजे कोणीच ओ दिली नाही, आणि ‘रिफ्यूज्ड’ म्हणजे तेथपर्यंत पोचलो खरे, पण दार आतून लावलेले आहे. पाच निराळ्या कैफियती आपण एकाच शेऱ्याखाली गाडतो.

‘बंद करून पुन्हा चालू करा’ हा उपाय आता आपल्याकडे अंगाऱ्यासारखा सर्वत्र लावला जातो. तो पुष्कळदा लागू पडतो, हे मी नाकारीत नाही. राउटरच्या स्मरणात साचलेला गोंधळ त्याने पुसला जातो. माझा आक्षेप एवढाच की तो पंचनाम्याआधी केला जातो. कोणता दिवा तांबडा होता, पडद्यावर कोणता मजकूर होता, पत्ता काय होता, हे कागदावर उतरवून घेण्यापूर्वी यंत्र बंद करणे म्हणजे मुद्देमाल पाण्यात धुऊन मग तपास आरंभणे होय. आधी लिहावे, मग बंद करावे. चालू करताना भिंतीवरची पेटी पहिली, तिचे दिवे स्थिर झाल्यावर राउटर, आणि शेवटी संगणक, असा क्रम ठेवावा.

येथवर जे लिहिले ते मेजाच्या आसपासचे. आपल्या जिल्ह्याचा पसारा १७,०४८ चौरस किलोमीटर, क्षेत्रफळाने महाराष्ट्रात सर्वांत मोठा. त्याच्या एका टोकास अकोले तालुक्यात १,६४६ मीटर उंचीचे कळसूबाई आणि दुसऱ्या टोकास जामखेड-कर्जतची पाणी शोधणारी माळराने. दोन्हीकडची दुखणी एकच कशी असतील? घाटघर-रतनवाडीच्या बाजूस मोबाईलच्या लहरींना आडवा येतो तो डोंगर, आणि जेथे मनोऱ्यामनोऱ्यांतील दुवा हवेतून जाणाऱ्या सूक्ष्म लहरींचा असतो तेथे आषाढातला मुसळधार पाऊस त्या लहरी अक्षरशः पिऊन टाकतो. माळरानाच्या बाजूस पाऊस हा दोष सहसा नसतो. तेथे शत्रू म्हणजे जे.सी.बी. रस्त्याचे रुंदीकरण असो, शेतातली पाइपलाइन असो, तिचा दात कडेच्या मातीत शिरतो आणि केसाएवढा काचेचा तंतू तुटून पाचपन्नास वाड्या एकदम मुक्या होतात. आमच्या वेळी तांब्याच्या केबलमधला दोष किती अंतरावर आहे हे आम्ही ‘मरे लूप’ नावाच्या पद्धतीने, कागदावर गुणाकार-भागाकार करून काढीत असू. आता तंतूत प्रकाशाचा एक ठोका सोडून त्याचे प्रतिबिंब परतावयास लागलेल्या वेळावरून तुटीचे अंतर थोड्याच मीटरांच्या फरकाने सांगणारे यंत्र मिळते. विद्या पुढे गेली आहे, ह्यात संशय नाही. दोष सापडण्यास मिनिटे लागतात. तो कोणाच्या हद्दीत येतो हे ठरविण्यास दिवस लागतात.

ग्रामपंचायतींना काचेच्या तंतूने जोडण्याची योजना केंद्र सरकारने ऑक्टोबर २०११ मध्ये मंजूर केली, आणि तिचेच पुढे ‘भारतनेट’ असे नामकरण झाले. तिच्या मूळ आखणीत पुष्कळ गावे एकाच ओळीत, झाडाच्या फांदीवरील पानांसारखी जोडली गेली. फांदी तुटली की पुढची सारी पाने वाळली. ऑगस्ट २०२३ मध्ये १,३९,५७९ कोटी रुपयांचा सुधारित कार्यक्रम मंजूर झाला त्यात ही रचना कड्यासारखी करण्याचे ठरले आहे, म्हणजे एका बाजूने तुटले तरी दुसऱ्या बाजूने वाट राहील. हे काम आपल्या जिल्ह्यात होताना ते कागदावरचे कडे नसून मातीतले कडे आहे, ह्यावर आपले लक्ष असावे. दोन्ही तंतू एकाच चरातून नेले तर जे.सी.बी.चा एकच दात दोहोंस पुरतो.

रास्त भावाच्या धान्य दुकानांतील अंगठा घेणाऱ्या यंत्राविषयी दोन ओळी लिहिल्यावाचून राहवत नाही. ‘मशीन घेत नाही’ असे सांगून जेव्हा माणसाला परत पाठविले जाते तेव्हा त्यात दोन अगदी निराळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. एक, यंत्राला जाळे सापडत नाही. दुसरी, जाळे व्यवस्थित आहे पण अंगठ्याचा ठसा जुळत नाही. पाथर्डी-शेवगावकडून दर हंगामात कोयता घेऊन जाणाऱ्या माणसांच्या बोटांवरील रेषा उसानेच पुसून नेलेल्या असतात. त्यांना ‘रेंज आल्यावर या’ असे सांगणे हा चुकीच्या रोगावरचा उपाय आहे, आणि त्या माणसाला तो चुकीचा आहे हे कधीच कळत नाही.

आता माझे मुख्य गाऱ्हाणे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ अन्वये अर्जदारास ठराविक मुदतीत सेवा मिळण्याचा हक्क आहे, आणि मुदत टळली तर अपिलाची तजवीज आहे. परंतु ती मुदत मोजली जाते अर्ज दाखल झाल्या दिवसापासून. जो मनुष्य ‘सर्व्हर डाउन’ हे दोन शब्द ऐकून उंबऱ्यावरूनच परत गेला त्याचा अर्ज दाखलच झाला नाही. त्याचे तीन दिवस कोणत्याही रोजनाम्यात नाहीत, कोणत्याही आकडेवारीत नाहीत, आणि वरिष्ठांकडे जाणाऱ्या मासिक गोषवाऱ्यात सर्व प्रकरणे मुदतीत निकाली निघालेली दिसतात. त्या गोषवाऱ्यात खोटे काहीही नसते. त्या आजीचे तीन दिवस त्यात नाहीत, इतकेच. कायद्याच्या घड्याळाला चावी बसण्याआधीचा हा काळ एका इंग्रजी शब्दजोडीत लपतो, आणि ही जोडी खरी की खोटी हे तपासण्याचे साधन ना अर्जदाराजवळ आहे, ना तहसीलदारांजवळ, ना आपल्याजवळ.

ह्याच जिल्ह्यात हिवरे बाजार हे गाव आहे. श्री. पोपटराव पवार ह्यांच्या पुढाकाराने त्या गावाने दरवर्षी पडलेला पाऊस मोजला, विहिरींची पातळी मोजली, आणि पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे मांडून कोणते पीक घ्यावयाचे ते ठरविले. तेथे पाऊस इतर गावांहून अधिक पडला नाही. मोजला मात्र अधिक गेला. नेट गेले ह्याचीही अशीच मोजणी करावयास काय हरकत आहे? आणि मोठ्यांना ती कमीपणाची वाटते असेही नाही. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक जगभर सुमारे सहा तास बंद पडले. देखभालीच्या वेळी दिलेल्या एका आज्ञेने त्या कंपनीच्या केंद्रांना जोडणारे अंतर्गत जाळे तुटले, त्यापाठोपाठ तिच्या नावांचे तलाठीही जगाला दिसेनासे झाले. आणि हे सारे, स्वतःच्या चुकीसह, कंपनीने दुसऱ्याच दिवशी लिहून प्रसिद्ध केले. ‘सर्व्हर डाउन होता’ एवढ्यावर तिचेही भागले असते.

सबब माझी विनंती येणेप्रमाणे आहे. जिल्ह्यातील दाखल्यांच्या केंद्रांत ‘सर्व्हर डाउन’ हा शेरा तोंडी अथवा फलकावर देण्यास आपण मनाई करावी, आणि त्याऐवजी दोष कोणत्या कडीत आहे, म्हणजे वीज, केबल, राउटर, बाहेरची लाइन, नाव-पत्ता, घड्याळ की पलीकडचे दप्तर, हे वेळेसह एका नोंदवहीत लिहिण्याचा हुकूम काढावा. जो अर्जदार परत जाईल त्याचे नाव त्या पानावर असावे आणि त्याच्या हाती तशी चिठ्ठी असावी. दुसऱ्या खेपेस त्याचा क्रमांक पहिला लागावा. केंद्रचालकांना ह्या परीक्षा शिकविण्यास एक दिवस पुरे होतो, फार तर दोन. ज्या केंद्रात काचेची लाइन आहे तेथे निराळ्या कंपनीचे मोबाईल नेट जोडीला ठेवावे, आणि राउटरलाही इन्व्हर्टरची वीज द्यावी. मी अशी केंद्रे पाहिली आहेत जेथे वीज गेल्यावर इन्व्हर्टरवर पंखा फिरत असतो आणि राउटर मेलेला असतो. तीन महिन्यांच्या नोंदी एकत्र केल्या की कोणत्या तालुक्यात खरोखर तंतू तुटतो, कोठे नुसते खटके मोडले आहेत, आणि कोणत्या तारखांना पलीकडचे दप्तरच गुदमरते, हे आपल्या मेजावर एका कागदात दिसेल. आणि पलीकडच्या दप्तराकडे बोट दाखविण्याची वेळ आलीच तर आपल्या हाती तक्रार नव्हे तर पुरावा असेल.

केंद्रे चालविणाऱ्या मुलांवर मात्र रोष नसावा. त्यांना अर्ज भरावयास शिकविले, वाट तपासावयास कोणी शिकविले नाही. आणि त्या मेजाखाली वाकलो तेव्हा तो मुलगाही माझ्या शेजारी गुडघे टेकून वाकला होता. टोक बसल्यावर त्याने मला विचारलेला पहिला प्रश्न ‘१६९ म्हणजे काय?’ हा होता.

कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
एक निवृत्त दूरसंचार कर्मचारी

ता. क. खटका मोडलेल्या केबलीला नवे टोक बसविता येते. सबंध केबल बदलावी लागत नाही. आठ रंगीत तारांचा क्रम ध्यानात असला म्हणजे झाले. त्यासाठी लागणारा क्रिंपर माझ्याजवळ आहे, टोकांची एक पिशवीही आहे, आणि मंगळवारी आमच्या गावचा बाजार असतो तो दिवस सोडून मी कोणत्याही तालुक्यास येण्यास मोकळा आहे.